पदराखालचे हात

“आये, शाळेत आलीस ना, की हात पदराखालीच ठेव हां. बाहेर नको काढूस.”

सातवीतली अक्षया, दोन घट्ट वेण्या घातलेली, पालकसभेच्या आदल्या संध्याकाळी उंबऱ्यात उभं राहून खाली बघत हे बोलली होती. बोलली आणि लगेच पाणी प्यायला आत पळाली. मैनानं तेव्हा फक्त “बरं गो बाय” म्हटलं होतं... आणि ते बरं तिनं बारा वर्षं पाळलं! शाळेच्या बक्षीस समारंभात पाळलं, कॉलेजच्या ऑफिसात पाळलं, मुलीला नोकरी लागली तेव्हा पेढे वाटतानाही डबा पदराच्या टोकानं धरला. सोमवार, गुरुवार, संकष्टी ही जशी तिची व्रतं, तसंच हे एक. फरक इतकाच, की त्या व्रतांचं उद्यापन होतं. ह्याचं नव्हतं.

आज रत्नागिरीत मारुती मंदिराजवळच्या मोबाईलच्या दुकानाची पायरी चढताना तो आवाज पुन्हा कानात उठला, आणि मैनाचे दोन्ही हात आपोआप पदराखाली गेले.

त्या हातांना झालं होतं ते इतकंच. सतरा वर्षांपूर्वी तिचा नवरा, रावजी, आंब्याच्या कलमावरून पडून गेला, तेव्हा अक्षया दुसरीत होती. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मैना गावच्या काजूच्या कारखान्यात बी फोडायला बसली. काजूच्या टरफलातून चीक सुटतो, तो कातडीला लागला की भाजल्यासारखं होतं, काळं पडतं, सोलून निघतं, आणि नवी कातडी यायच्या आत पुन्हा चीक लागतो. तेल लावा, राख लावा... अंगठा आणि पुढची तीन बोटं वाचत नाहीत. मैनाची ती बोटं आता लाकडासारखी गुळगुळीत नि काळी झाली होती. रेशनच्या दुकानात यंत्रावर तिचा अंगठा कधी उमटायचा नाही. रांगेतली माणसं कुरकुरायची, आणि ती मान खाली घालून पुन्हापुन्हा अंगठा पुसत राहायची, जणू तिनंच काही चोरलंय!

पण पोर शिकली. रत्नागिरीत बँकेत लागली. आता तिचं ठरलं होतं, अलोऱ्याच्या वसाहतीत वाढलेल्या आणि बंगळूरला नोकरीला असलेल्या दर्शनशी. रविवारी साखरपुडा, दिवाळीनंतर लग्न, आणि मग लेक शेकडो मैल लांब. मैनाकडे होता बटणांचा छोटा फोन. त्यात आवाज यायचा, चेहरा यायचा नाही. म्हणून अक्षयानं पगारातले दहा हजार बाजूला ठेवले होते, आईचा पहिला टचचा फोन घ्यायला. गेले आठ दिवस मैना देवापुढे दिवा लावताना मनातल्या मनात एकच मागत होती, की बाबा, मला ते जमू दे. पोरीचा चेहरा रोज एकदा दिसला म्हणजे झालं, दुसरं काही नको.

अडचण एकच होती, की दर्शनला काही ठाऊक नव्हतं. अक्षयानं त्याला सांगितलं होतं, आईचा काजूचा घरगुती व्यवसाय आहे. हे मैनाला कळलं तेव्हा ती हसली होती. खोटं कुठं होतं म्हणा... घर त्याच्यावरच तर चाललं! पण मग साखरपुड्याची यादी झाली, आणि तिच्यात कारखान्याच्या शेडमधल्या बायकांचं एकही नाव नव्हतं. हौसाकाकीचंसुद्धा नाही. हौसाकाकी, जिनं सतरा वर्षं मैनाच्या शेजारी बसून बी फोडली, जिनं तापानं फणफणलेल्या अक्षयाला तीन दिवस मांडीवर घेऊन पेज भरवली, आणि जिच्या गळ्यात हात टाकून त्या आठ वर्षांच्या पोरीनं शब्द दिला होता, की माझ्या लग्नाच्या आमंत्रणाची देवानंतरची पहिली अक्षत तुला, मीच आणून देणार. अख्खी शेड हसली होती तेव्हा. हौसाकाकी ते अजून सांगायची. गेल्या आठवड्यात तिनं मैनाला टोमणाही मारला, “काय गो, बँकवाली माझी अक्षत कुरियरनं पाठवतेय काय?” मैनानं तोंड फिरवून टरफलांची पाटी उचलली होती. लेकीला आठवण करून द्यायचा धीर तिला झाला नव्हता.

दुकानात काउंटरवर सानवी नावाची चुणचुणीत मुलगी होती. तिनं विचारलं, काकींना फोन कशासाठी हवा, फोटो काढणार का, गाणी ऐकणार का, बजेट किती. साखरपुड्यासाठी आलेला दर्शन मोठ्या उत्साहानं सांगत होता, की बजेटचं बघू, थोडे मी घालतो, चांगला कॅमेऱ्याचा दाखवा. अक्षयाचं म्हणणं, कॅमेरा काय करायचाय, अक्षरं मोठी हवीत, आवाज मोठा हवा, आणि गावात पावसाळ्यात दोनदोन दिवस वीज नसते तेव्हा बॅटरी टिकायला हवी. मैना स्टुलाच्या कडेला टेकून ऐकत होती. आपल्यासाठी दोन माणसं इतकं भांडतायत ह्याचंच तिला अप्रूप वाटत होतं, भरून येत होतं...

सानवीनं चार फोन काचेवर ओळीनं मांडले आणि म्हणाली, “काकी, तुम्हीच बोट लावून बघा.”

मी दाखवते ना, असं अक्षया घाईघाईनं म्हणाली. पण दर्शननं तिला हसून अडवलं. वापरणार त्या, त्यांनाच बघू दे.

मैनानं उजवा हात पदराखालून जेवढा लागेल तेवढाच बाहेर काढला. पुढचं बोट काचेवर ठेवलं. काही झालं नाही. पुन्हा ठेवलं. जोर देऊन दाबलं. फोन तसाच, काळाभोर आणि गप्प. सानवीनं काच पुसली, दुसरा फोन पुढे केला. तिसरा केला. काकी, दाबू नका, नुसता स्पर्श करा, असं ती सांगत होती, आणि मैना नुसता स्पर्श करत होती, आणि एकही फोन तिला ओळखत नव्हता. मागे एक गिऱ्हाईक खोळंबलं होतं, ते घड्याळ बघायला लागलं. सानवी शेजारच्या मुलीला हळूच म्हणाली, “बटणांचाच काढ गं, ह्यांची बोटं घासलीयत पार.” हळूच म्हणाली, पण काचेच्या त्या थंडगार दुकानात ते सगळ्यांना ऐकू गेलं.

दर्शन पुढे वाकला. “आई, हाताला काय झालं तुमच्या?”

मैनानं लेकीकडे पाहिलं. अक्षयाचा चेहरा पांढराफटक झाला होता, आणि त्या चेहऱ्यात मैनाला उंबऱ्यातली ती सातवीतली पोर स्पष्ट दिसली, दोन वेण्यांची, खाली बघणारी. क्षणभर... एकच क्षण तिला वाटलं, की आता सांगावं. किती वर्षं झाकायचं? पण मग तिचं आईचं काळीज पुढं झालं.

“काही नाही हो. काल फोडणीचं तेल उडलं.”

संकष्टीच्या दिवशी मैना मीठ खात नसे आणि खोटं बोलत नसे. आज संकष्टी होती.

बोलल्याबरोबर तिला ते आठवलं. तरी ती बोलत राहिली. मला हा मेला टचचा नकोच होता, डोळ्यांना त्रास होतो त्याचा, माझा बटणांचा बरा आहे, आवाज आला म्हणजे माणूस आलंच की... असं काय काय ती हसत हसत सांगत सुटली. सांगता सांगता तिला दिसलं, की अक्षयाचा रोखलेला श्वास हळूच सुटला. सुटल्यासारखं वाटलं पोरीला! मैनाला त्याचं बरंही वाटलं आणि आत कुठेतरी काहीतरी चिरतही गेलं. रोज दिसणार होता तो चेहरा तिनं आत्ता स्वतःच्या तोंडानं नको म्हटला होता. तिनं उजवा हात डाव्या हातावर ठेवला आणि दोन्हींवरून पदर ओढून घेतला, नीट, चारी बाजूंनी, जसं नैवेद्याचं ताट झाकावं.

अक्षया त्या पदराकडे बघत राहिली.

कितीतरी वेळ बघत राहिली. सानवीनं बटणांचा फोन आणून ठेवला, त्याची किंमत सांगितली, तरी तिचं लक्ष नव्हतं. मग एकदम ती म्हणाली, “तेल नाही ते, दर्शन.”

“अक्षया, राहू दे गो...”

“नाही राहू देणार. चीक आहे तो, काजूचा. आईचा कसला व्यवसाय नाही. ती कारखान्यात बी फोडते, मी दुसरीत होते तेव्हापासून. मी तुला खोटं सांगितलं. आणि आज ती खोटं बोलली... संकष्टीची! जन्मात बोलली नव्हती. माझ्यासाठी बोलली.”

तिनं पदर बाजूला केला, आईचे दोन्ही हात बाहेर काढले, आणि त्या लख्ख दिव्यांखाली, सगळ्यांसमोर, काचेवर ठेवले. मैना शरमेनं अर्धी झाली. हात मागे घ्यायला ती धडपडली, पण लेकीनं घट्ट धरले होते. बारा वर्षांत पहिल्यांदा कुणी ते हात धरले होते, आणि धरणारीच हमसून हमसून रडत होती. सातवीत असताना मीच सांगितलं होतं तिला झाकायला, एवढंच ती पुन्हापुन्हा म्हणत होती.

दर्शन त्या काळ्या बोटांकडे एकटक बघत होता. मैनाचा जीव टांगणीला लागला. गेलं, तिच्या मनात आलं, पोरीचं जमलेलं माझ्या ह्या हातांनी मोडलं...

मग त्यानं आपलं स्टूल तिच्याजवळ सरकवलं.

“आई, नीट बसा. आपल्याला काही घाई नाही,” तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. “आमच्याकडे बरणीभर काजू असतात कायम. फोडतं कोण, हे कधी मनातसुद्धा आलं नाही माझ्या.”

मग अक्षयाकडे वळून तो हळू आवाजात म्हणाला, की मला खोटं सांगितलंस त्याचं माझं मी बघेन, आईंचं तुझं तू बघ. अक्षयानं मान हलवली.

सानवीच्याही तोंडावरचा तोरा उतरला होता. काकी, रागावू नका हां, असं पुटपुटत तिनं फोनच्या काचेवरचं जाड कव्हर काढलं, सेटिंगमध्ये कुठंतरी जाऊन काचेचा स्पर्श जास्त तेज केला, आणि पुन्हा एकेक फोन पुढे ठेवायला लागली. आता कॅमेऱ्याचं कुणी बोलत नव्हतं. सगळ्यांत महाग फोननं मैनाच्या अंगठ्याला दाद दिली नाही, तेव्हा दर्शननं तो स्वतःच बाजूला सारला. दुसरा एकदा उजळला आणि पुन्हा गप्प झाला.

अक्षया डोळे पुसत आईच्या हाताकडे बघत होती. अचानक ती थांबली.

“आये,” ती म्हणाली. कॉलेजला गेल्यापासून तिनं हा शब्द टाकला होता. “करंगळी लाव.”

मैनाला कळेना. मग कळलं... आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. बी धरायला करंगळी लागत नाही. चीक तिथवर पोचत नाही. तेवढं एक बोट मऊ राहिलं होतं. लहानपणी शाळेत जाताना बाकीची बोटं टोचतात म्हणून अक्षया तीच धरून चालायची, अख्खा घाटीचा चढ, दप्तर सावरत, आईच्या एका करंगळीला लोंबकळत.

मैनानं करंगळी टेकवली. फोन उजळला. तिनं सरकवली, तर चित्रंही सरकली. तिला वाटलं चुकून झालं, म्हणून पुन्हा करून पाहिलं. दर्शननं कोपऱ्यात जाऊन तिच्या फोनवर व्हिडिओ कॉल लावला आणि तिनं हिरव्या खुणेवर करंगळी फिरवताच त्याचा हसरा चेहरा काचेत आला. ती भांबावून पदर डोक्यावर घ्यायला लागली, तशी सानवीसुद्धा हसली.

तो फोन साडेनऊ हजारांचा होता. अक्षरं मोठी, आवाज मोठा, बॅटरी दोन दिवसांची. अक्षयानं दर्शनला एक रुपया घालू दिला नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर मैनानं हातपाय धुतले, देवापुढे दिवा लावला आणि हळू आवाजात सांगितलं, बाबा, आज माझ्या तोंडून खोटं गेलं, पदरात घे. मागे सावली हलली. अक्षया दाराशी उभी होती. तिनं आत येऊन आईच्या शेजारी बैठक मारली, हात जोडले, आणि फक्त म्हणाली, की ते माझ्या वाट्याला घाल रे देवा. पुढं दोघी काही बोलल्या नाहीत. यादीचंही नाही, हौसाकाकीचंही नाही. मैनाच्या ओठांवर आलं होतं, पण तिनं गिळलं. पोरीनं आज पुष्कळ केलं होतं, आणखी मागायला तिचं मन धजेना. तिनं पेरांवर जप मोजायला सुरुवात केली, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आज हात उघडेच आहेत.

सकाळी ती तुळशीला पाणी घालत होती. शेडचा भोंगा व्हायला अजून अवकाश होता. आज तिची सुट्टी होती, आणि हौसाकाकीला उद्या कसं तोंड दाखवायचं, ह्याच विचारात ती प्रदक्षिणा घालत होती.

मागचं दार वाजलं. अक्षया आंघोळ करून, साधी सुती साडी नेसून बाहेर आली होती. हातात पितळेची वाटी होती, आणि वाटीत कुंकवानं रंगवलेले तांदूळ. आई बघते आहे हे तिला कळलं होतं. चिऱ्यांच्या पायऱ्या उतरून ती समोरच्या देवळापाशी गेली, पायरीवर चिमूटभर अक्षत ठेवून तिनं नमस्कार केला, आणि मग बसच्या रस्त्याला न लागता ती उजवीकडे वळली, काजूच्या शेडकडे जाणाऱ्या पायवाटेला.

वाटी तिनं पदराखाली घेतली नव्हती. दोन्ही हातांत, समोर धरली होती.