फेर्मीनचा चुकलेला नेम

शनिवारी दुपारी नेमबाजी क्लबातली सगळी पिस्तुलं एकदम गप्प झाली. लक्ष्यांच्या मागे मातीचा उंच बांध होता आणि त्या बांधाला टेकून एक मेंढी व्यायला बसली होती.

गावात नवी आलेली जनावरांची डॉक्टर आनाही बेर्तोल्दी गुडघ्यापर्यंतचे बूट घालून पोचली, तेव्हा मेजांवर पिस्तुलं उघडून, रिकामी करून ठेवलेली होती आणि दहाबारा पुरुष हातात 'माते' या कडवट हिरव्या चहाचे पेले घेऊन चिंतातुर चेहऱ्याने उभे होते. ऑक्टोबर होता, दक्षिण गोलार्धातला वसंत. फुललेल्या पाराइसोच्या झाडांचा गोड वास हवेत भरून राहिला होता.

"गोळीबार नक्की थांबलाय ना?" तिने विचारलं.

"थांबलाय, डॉक्टर," मैदान सांभाळणारा उंच तरुण म्हणाला. "आता आवाज करायची परवानगी फक्त मेंढीला."

"मग चला माझ्याबरोबर. तिचं डोकं धरा... आणि बोलू नका."

कोकरू उलटं होतं. आनाहीने कोपरापर्यंत हात घालून मागचे पाय शोधले, कळ येईपर्यंत वाट पाहिली आणि हळूहळू त्याला बाहेर ओढलं. कोकरू शिंकलं. डोकं धरणारा मात्र पांढराफटक पडला.

"बसा खाली."

"मी ठीक आहे."

"ओठांत रक्त नाहीये तुमच्या. आणि म्हणे नेमबाज."

तो बसला. तसाच, खालून वर बघत हसला. फेर्मीन ओजिएर त्याचं नाव. दूध डेअरीत यंत्रं दुरुस्त करायचा आणि गेली चार वर्षं क्लबचा चषक त्याच्याच घरी होता.

ती हात धूत असताना तो जवळ आला. "एकदा मारून बघता?"

"मला बंदुकीचा आवाज सोसत नाही."

"हिला आवाज कुठला? पॉइंट बावीसची आहे, इवल्या गोळीची. ही नुसती खोकते."

आनाहीने कानांवर आवाज अडवणाऱ्या टोप्या चढवल्या, डोळ्यांवर चष्मा लावला, ते केवळ त्याचं तोंड बंद करायला. पण पिस्तूल हातात आलं आणि तिला नवल वाटलं. तळव्यात ते नीट, मुकाट बसलं. नळीच्या टोकावरचा काळा खुंट मात्र स्थिर राहीना... वर, खाली, डावीकडे.

"हात हलतोय माझा."

"सगळ्यांचाच हलतो. हलू दे. तुम्ही फक्त खुंटाकडे बघा, लक्ष्याकडे नाही. अर्धा श्वास सोडा. आणि चाप असा दाबा, की गोळी कधी सुटली ते तुमचं तुम्हालाच कळू नये."

तिने दाबला. दाबत राहिली... आणि टप्प. वाळकी काडी मोडावी तेवढाच आवाज. हाताला पिल्लाने चोच मारावी तेवढाच झटका. इवलीशी पितळी पुंगळी उडाली, मेजावर टुणटुण नाचली आणि खाली पडली. मेणाचा आणि धुराचा पुसट वास आला. दूरच्या कागदावर, काळ्या वर्तुळाच्या कडेला एक भोक पडलं होतं. पुढची गोळी आपसूकच नळीत येऊन बसली होती, जणू म्हणत होती, हं, पुन्हा.

पुन्हा. आणि पुन्हा. मॅगझिन संपलं तेव्हा आनाहीच्या ध्यानात आलं, की तेवढा वेळ तिच्या मनात काही नव्हतं. आजारी वासरं नव्हती, की "बाईमाणसाला जमेल का हे?" असं कुजबुजणारे गोठ्यांचे मालकही नव्हते.

"आणखी गोळ्या आहेत?" ती म्हणाली.

पुढच्या शनिवारी ती आली. त्याच्या पुढच्याही. दोघं एकमेकांना अरेतुरे कधी करू लागली, ते दोघांनाही सांगता आलं नसतं. तो तिच्या मनगटाखाली एक बोट टेकवायचा आणि लगेच काढून घ्यायचा. लोखंडी पट्ट्यांवर नेम धरताना पट्टी टिंगकन पडली, की ती वळून त्याच्याकडे बघायची आणि तो आधीच तिच्याकडे बघत असायचा.

"पट्टीकडे बघ की," ती म्हणायची.

"पट्टी पडली. तिच्यात आता काय बघायचं?"

डिसेंबरात क्लबची स्पर्धा झाली. उकाडा मी म्हणत होता. अंतिम फेरीत उरले दोघंच, शेजारीशेजारी, आणि शेवटच्या गोळीपर्यंत बरोबरीत. आनाहीने अर्धा श्वास सोडला. टप्प. दहापैकी नऊ. मग फेर्मीनने हात उचलला, खाली घेतला, पुन्हा उचलला... आणि चार वर्षांत जे घडलं नव्हतं ते घडलं. सात.

टाळ्या पडल्या. निखाऱ्यावरचे चोरिसो सॉसेज परतत अध्यक्ष अतिलिओकाका मोठ्याने म्हणाले, "याला म्हणतात सभ्य माणूस. पोरीसाठी चषक सोडला."

सगळे हसले. आनाही हसली नाही. गोठ्यागोठ्यातून तिला हेच ऐकावं लागत होतं — राहू द्या डॉक्टर, जड आहे, आम्ही करतो. इथे तरी कागदावरचं भोक बाईचं की पुरुषाचं ते कुणी विचारत नव्हतं. तिने चषक फेर्मीनच्या पिस्तुलाच्या पेटीवर ठेवला.

"हे तुझं. मला भीक नको."

"आनाही, मी मुद्दाम—"

पण तोवर तिने गाडी सुरू केली होती.

नाताळ गेला, नवं वर्ष उजाडलं. त्याने दोनदा फोन केला. तिने उचलला नाही, आणि तिसऱ्यांदा का करत नाही म्हणून चिडत राहिली. शेवटी एका मंगळवारी, क्लबात कुणी नसेल या हिशेबाने, ती तिथेच राहिलेला आपला नेमबाजीचा चष्मा आणायला गेली. फेर्मीन एकटाच लक्ष्यांच्या चौकटी रंगवत बसला होता.

"चष्मा न्यायला आलेय."

"आतल्या खुंटीला आहे. पुसून ठेवलाय."

ती आत गेली, चष्मा घेऊन आली. जाईना मात्र.

"खरं सांग. मुद्दाम चुकवलीस ना ती गोळी?"

त्याने कुंचला खाली ठेवला. "मुद्दाम नाही चुकवली. मला जिंकायचं होतं, आनाही. तुला हरवून मग चषक तुझ्या हातात द्यायचा आणि... काहीतरी बोलायचं, असं ठरवलं होतं. काय बोलायचं ते पाठही केलं होतं. तू शेजारी उभी होतीस, कपाळावर घाम, नऊ मारून खालचा ओठ चावत. आणि माझा खुंट जागेवर थांबेना. हलू दे म्हणून मीच शिकवतो सगळ्यांना. पण इतका कधी हलला नव्हता."

"कशावरून?"

"पुन्हा मारून दाखवू?"

"मुद्दाम चुकवणं कुणालाही जमतं."

"मग पुरावा कुठून आणू? तूच सांग."

आनाहीने चष्मा खिशात टाकला. "हात दे."

त्याने हात पुढे केला. बोटांना हिरवा रंग लागला होता. तिने मनगट धरलं, घड्याळाकडे पाहिलं आणि गंभीर चेहऱ्याने नाडी मोजू लागली. तो हलेना. कुंपणापलीकडे टिटवी ओरडत गेली.

"काय म्हणतेय?" त्याने हळूच विचारलं.

"धावत सुटलीय. शर्यत संपल्यावर घोड्याची असते तशी."

"म्हणजे पटलं?"

ती उत्तर देणार होती, तेवढ्यात तिची नजर स्वतःच्या हाताकडे गेली. तिने अंगठा टेकवला होता. अंगठ्याने नाडी कधी बघायची नसते, पहिल्याच वर्षी शिकवतात. अंगठ्यात स्वतःचेच ठोके लागतात.

"काय झालं?"

"काही नाही," आनाही म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "चुकीची नाडी मोजली मी... ही माझी होती."

फेर्मीनला समजायला थोडा वेळ लागला. पाठ केलेलं सगळं केव्हाच विसरला होता. त्याने फक्त मनगट तिथेच राहू दिलं, आणि आनाहीनेही अंगठा काढला नाही.