बिननावाचं चॅनेल

शाळा सुटली की विनता घरी न जाता थेट कांचघर भागातल्या बाबांच्या केबल कंट्रोल रूममध्ये धडकायची. पोरगी अकरावीतली, पण तिथल्या कम्प्युटरवरचं तपासणीचं सॉफ्टवेअर तिला असं काही जमलं होतं, की टेक्निशियन श्यामसुंदरभैया तिला 'इंजीनियर मॅडम' म्हणून चिडवायचा. चित्र बारीक बारीक तुकड्यांत येतं, तुकड्यांवर क्रमांक असतात; एखादा गळला की सॉफ्टवेअर लाल होतं आणि टीव्हीवर चौकटी फुटतात. एवढंच तर आहे!

या आठवड्यात मात्र सगळेच चॅनेल फुटत होते. गिऱ्हाइकं तुटायला लागली होती.

गळालेले तुकडे जातात कुठे, ते विनतानंच शोधलं. यादीच्या तळाशी एक बिननावाचं चॅनेल उगवलं होतं. ते कुणीच पाठवत नव्हतं. साऱ्या चॅनेलांचे हरवलेले तुकडे तिथं गोधडीसारखे जोडले जात होते. आधी एक हात. मग हिरवा पदर. आज दुपारी एक पाठमोरी बाई, ओट्याशी पोळ्या करणारी.

"बाबा, ही... आई आहे का?"

आई गेली तेव्हा विनता पाळण्यात होती. घरात एकच फोटो, लग्नातला, आणि त्यातही मान खाली. आईचा चेहरा असा तिनं कधी पाहिलाच नव्हता.

बाबा, गुणवंतराव, खुर्ची ओढून पडद्याजवळ सरकले. "पोळी डाव्या हातानं उलटवून राहिली," ते म्हणाले. "तीच."

तेवढ्यात श्यामसुंदर नवा पार्ट घेऊन आला. "चलो, बदल देते हैं. पाच मिनिटांत सगळं साफ!"

"नको ना भैया! तुकडे गळायचे थांबले तर हे चित्रही जाईल. फक्त चेहरा बाकी आहे."

"अरे दीदी, काहून थांबायचं? फोनवर लोकांच्या शिव्या मी खाऊन राहिलो, तू नाही!"

"थांब थोडं, श्याम," बाबा म्हणाले.

चौकटी भरत गेल्या. खिडकी. मांडणी. कोपऱ्यातला निळा फ्रीज.

विनतानं माउसचा बाण फ्रीजवर नेला.

"बाबा, हा फ्रीज तर आपण मागच्या दिवाळीला घेतला."

घराला कुलूप होतं. किल्ली बाबांच्या खिशात.

विनतानं घरचा नंबर फिरवला.

घंटा वाजली. पडद्यावरच्या बाईनं लाटणं खाली ठेवलं. मान वळवली. चेहऱ्याच्या जागी अजून काळ्या चौकटीच होत्या. पदराला हात पुसत ती चित्राबाहेर गेली.

घंटा थांबली.

"किती उशीर गं, विनू? पोळ्या गार होऊन राहिल्या. ये ना."

विनताचे डोळे भरून आले. तिनं रिसीव्हर बाबांच्या कानाशी धरला.

ते ऐकत राहिले. मग त्यांनी तिचं मनगट घट्ट पकडलं.

"हा आवाज तिचा नाही."

पडद्यावरची बाई केव्हाच ओट्याशी परतली होती, मुकाट्यानं पोळी लाटत होती. फोनमधला आवाज अजून विनताला बोलावत होता.