आवाजाचा कचरा

जुन्या टेपांवरची गाणी कॉम्प्युटरवर उतरवायची आणि उतरवताना धुऊनपुसून लख्ख करायची, हा त्याचा धंदा. गाणारी-वाजवणारी मंडळी त्याला प्रेमाने ‘झाडूवाला’ म्हणत आणि त्यालाही त्यात काही वावगं वाटत नसे. खरखर, पंख्याची भुणभुण, मध्येच खाकरलेला एखादा श्रोता, हे सगळं तो असं झाडून काढायचा की गाणं कालच गायलेलं वाटावं.

दुकान एका इमारतीच्या तळघरात होतं. भिंतींना जाड गाद्या, दाराला दुहेरी रबर. करकरेल अशी एकही वस्तू त्याने आत ठेवली नव्हती. बसायला दोन लाकडी बाक होते, तेही जमिनीला स्क्रूने आवळलेले. दार लावलं की रस्ता, गाड्या, माणसं सगळं नाहीसं व्हायचं आणि आपल्याच छातीतले ठोके ऐकू यायला लागायचे. नवखं माणूस तिथे पाच मिनिटांत बेचैन व्हायचं. त्याला मात्र तिथेच बरं वाटे.

आता गंमत अशी, की दिवसभर गाण्यात बुडालेल्या या माणसाने गाणं असं कधी ऐकलंच नव्हतं. तो गाणं बघायचा. पडद्यावर आवाजाची रेघ वरखाली नाचे, तिच्यात घाण कुठे बसली आहे एवढंच त्याला दिसे. ‘कसं आहे हो गाणं?’ असं कुणी विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं: ‘स्वच्छ आहे.’

एका सकाळी एक काकू आल्या. सत्तरीच्या पुढच्या, पण आवाज खणखणीत. टॅक्सीवाल्याने त्यांच्यामागून दोन ट्रंका आणून ठेवल्या.

“आमच्या यांच्या टेपा आहेत,” काकू म्हणाल्या. “यांना लोक कानसेन म्हणायचे. गाता एक ओळ येत नव्हती, पण ऐकायचा सोस केवढा! सकाळी ख्याल, दुपारी पियानो, संध्याकाळी कव्वाली. मध्येच कुठल्या तरी परदेशी बाया उंच आवाजात किंचाळायच्या, तर हे डोळे मिटून मान डोलावतायत. बँडबाजासुद्धा सोडला नाही. पाहुणे विचारायचे, घर आहे का स्टेशन?”

“आवडते गवई कोण त्यांचे?” त्याने आपलं विचारायचं म्हणून विचारलं.

“सगळेच. तेच तर! गाणारा, वाजवणारा, चाल लावणारा, सगळ्यांवर सारखाच जीव. माणसाने एखाद्याला तरी नावं ठेवावीत की नाही?” त्या हसल्या आणि हसता हसता थांबल्या. “थंडीत गेले. नीट उतरवून द्या हं. जपून.”

नीट आणि जपून, असं सगळेच म्हणतात. त्याने मान हलवली आणि पुढे काही विचारलं नाही.

टेपा उघडल्या तसा आंबूस वास खोलीभर पसरला. पट्ट्यांवरचा थर सुटत आला होता. यंत्रावरून एकदा गेली की पट्टी कोरी व्हायची आणि खाली तपकिरी भुकटी उरायची. म्हणजे प्रत्येक टेप एकदाच वाजणार होती. त्याने ती काळजी घेतली, अगदी डोळ्यात तेल घालून घेतली. एकही सूर त्याने सांडू दिला नाही.

सफाईची त्याची रीत साधी होती. गाणं सुरू होण्याआधी नुसत्या खोलीचा आवाज टेपेवर आलेला असतो. तेवढा तुकडा यंत्राला ऐकवायचा आणि सांगायचं, ही घाण, ही जिथे जिथे सापडेल तिथून उपसून काढ. कानसेनांनी रेडिओसमोर, ग्रामोफोनसमोर माईक ठेवून सगळं भरलेलं, त्यामुळे खोली गाण्याच्या मागे सगळीकडेच होती. यंत्राने ती उपसली. जे त्याला जमलं नाही ते, म्हणजे खोकला, बोलणं, भांड्यांचा आवाज, झाडूवाल्याने स्वतःच्या हाताने खुडलं. साफ न केलेली प्रत तो कधीच ठेवत नसे. दोन प्रती असल्या की घोळ होतो, हे त्याचं जुनं मत.

काम संपल्यावर काकू पुन्हा आल्या तेव्हा त्याने त्यांना बाकावर बसवलं आणि एक बासरी लावली. काय निर्मळ उतरली होती! काकू पर्स मांडीवर घेऊन स्वस्थ बसून राहिल्या. बासरी संपली. त्या तशाच बसलेल्या.

“पुढे?” त्यांनी विचारलं.

“संपलं, काकू.”

“मग हे कुठे गेले?”

“कोण?”

“हे! आमचे हे.” त्यांचा आवाज चढला. “गाणं संपलं की माईक तसाच ठेवून ते स्वयंपाकघराकडे बघून विचारायचे, ‘ऐकलंस का?’ आणि मी आतून ओरडायचे, ‘हो, ऐकलं!’ प्रत्येक टेपेवर आहे ते. कुठे गेलं?”

बोलणं म्हणून त्याने खुडलेलं ते हेच होतं. तो पडद्याकडे बघत राहिला.

“खोटं बोलायचे हो मी,” काकू हळू आवाजात म्हणाल्या. “मी कुठली ऐकते? तिकडे दूध उतू जात असायचं, नळाचं पाणी जायच्या बेतात असायचं. जन्मभर त्या माणसाला हो हो म्हणत आले. गाणी मला नकोतच. मला त्यांचा तो प्रश्न हवाय. एकदा तरी खरं उत्तर द्यायचंय मला.”

ट्रंकांमध्ये आता भुकटी होती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग एकदम आठवलं, उपसलेलं, खुडलेलं सगळं यंत्र एका कोपऱ्यात साठवून ठेवतं. तो कोपरा तो अधूनमधून रिकामा करी. अजून केला नव्हता.

“कचरा आहे, काकू. नुसती खरखर ऐकू येईल.”

“तुम्ही त्यांना कचऱ्यात टाकलंत, तर तिथेच शोधू या.”

त्याने कचरा लावला. आधी खरखर. मग कान जरा स्थिरावल्यावर तिच्याखाली एक श्वास. संथ, वयस्कर. वेताची खुर्ची करकरली. खुर्चीच्या हातावर बोटं ताल धरत होती. दाताखाली लवंग फुटली.

“ती खुर्ची,” काकू पुटपुटल्या. “मीच काढून टाकली, गेल्या महिन्यात.”

गाणं त्यात कुठेच नव्हतं. ऐकणं मात्र सगळं होतं. एका जागी श्वास अडला, अडूनच राहिला, आणि झाडूवाल्याला न कळत त्याचाही अडला. मग “वा…” असा सुस्कारा आला, तेव्हा दोघांनीही श्वास सोडला. ऐकताना माणूस काय काय करतो, हे तो पहिल्यांदाच ऐकत होता.

आणि मग अगदी स्पष्ट: “ऐकलंस का?”

लांबून, भांड्यांच्या आवाजातून, तरुण आणि वैतागलेल्या काकू: “हो, ऐकलं!”

काकूंनी पदर तोंडाशी धरला. पुढची टेप, त्याच्या पुढची टेप. प्रश्न तोच, थापही तीच. फक्त दोन्ही आवाज म्हातारे होत गेले. शेवटची टेप आजारपणातली होती. श्वासाला धाप लागलेली. “ऐकलंस का?” हे शब्द जेमतेम उमटले. आतून उत्तर नाही.

“मी औषधं आणायला गेले होते,” काकू म्हणाल्या. खरखर चालूच होती. त्या पुढे वाकल्या, स्पीकरच्या जाळीला ओठ लागतील इतक्या जवळ. “नाही ऐकलं हो… कधीच नाही ऐकलं.”

खरखर थांबली.

खोलीत त्याला स्वतःचे ठोके ऐकू आले. मग वेताची खुर्ची हळूच करकरली, कुणी शेजारी जागा करून द्यावी तशी.

“मग बस ना…”

आणि बासरी सुरू झाली. त्या कचऱ्यात, जिथून त्याने सुरांचा कण न् कण वेगळा केला होता, तिथे. त्याने पडद्याकडे पाहिलं. रेघ सरळ होती, जराही हलत नव्हती. त्याचा हात बटणाकडे गेला आणि अर्ध्यातच थांबला. काकूंनी डोळे मिटले होते. पर्स मांडीवरून घसरून खाली पडली तरी त्यांना पत्ता नव्हता. त्या ऐकत होत्या.

बासरी संपली. या वेळी कुणी काही विचारलं नाही.

“आता कशाला विचारतील?” काकू डोळे पुसत म्हणाल्या. त्यांचा चेहरा उजळला होता. निघताना त्यांनी स्वच्छ केलेल्या गाण्यांकडे बघितलंसुद्धा नाही. “ती राहू द्या तुम्हालाच.”

त्या गेल्यावर त्याने कचऱ्याची शेवटची टेप पुन्हा लावून पाहिली. प्रश्नापाशीच ती संपत होती. पुढे काहीच नव्हतं. मनाचे खेळ, असं त्याने स्वतःला बजावलं आणि हाताला काम हवं म्हणून काकूंनी ठेवून दिलेल्या गाण्यांतलं एक लावलं. कुणी बाई पियानोवर गात होती. तो नेहमीसारखा रेघ बघत बसला. कुठे डाग नाही, कुठे ओरखडा नाही.

“स्वच्छ आहे,” तो पुटपुटला. यंत्र बंद केलं, तांबडा दिवा विझलेला बघितला आणि दाराच्या कडीला हात घातला.

“ऐकलंस का?”

आवाज पाठीमागून आला होता. रागाचा नव्हता. एखाद्याला गोड काही खाऊ घालून कसं झालंय विचारावं, तसा होता. ती बाई काय गात होती, सुखाचं की दुःखाचं, त्याला काही केल्या आठवेना.

“हो…” तो कसाबसा म्हणाला. “ऐकलं.”

करकरेल अशी एकही वस्तू नसलेल्या त्या खोलीत, बाकांच्या मधोमध, वेताची खुर्ची करकरली. कुणी ऐसपैस टेकून बसल्यासारखी.

आणि बंद यंत्रातून तेच गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.