अमावस्येची प्रत

कराडच्या नव्या पुलाजवळ हौसाक्का पिसाळांच्या वधूवर केंद्राची प्रयोगशाळा होती. प्रयोगशाळा हे लोकांनी कौतुकानं दिलेलं नाव. खोलीत एक टेबल, मंगळवारी जळून कोळसा झालेला एक संगणक आणि त्याचे तीन पडदे, एवढाच ऐवज. बुधवारी सकाळी केंद्राचं संगणकाचं काम बघणाऱ्या तेजस्विनी काटकरनं नवा संगणक मांडला आणि मेघकोठारात, म्हणजे दूरच्या भाड्याच्या संगणकांवर, दर शुक्रवारी ठेवली जाणारी प्रत त्यावर उतरवली. आधी संकेतस्थळाची पानं, मग स्थळांची सगळी माहिती, शेवटी छायामन.

"चाललं, हौसाक्का."

"चाललं म्हणजे बरोबर चाललं असं नव्हे."

छायामन म्हणजे हौसाक्कांच्या पारखीची नक्कल. चाळीस वर्षं स्थळं जुळवून जे कळलं, ते त्यांनी दोन वर्षं रोज बोलून त्याला शिकवलं होतं. शिकवणी चालायची ती घरसंचावर, म्हणजे या खोलीतच ठेवलेल्या संकेतस्थळाच्या जुळ्यावर. इथं पंधरा दिवस तपासून झालं की मगच लोकांपुढं जायचं. न तपासता हौसाक्का कोथिंबीरसुद्धा घेत नसत.

त्यांनी पडद्याला विचारलं, "तासगावच्या जमदाडेंचं स्थळ कसं आहे?"

त्यांच्याच आवाजात उत्तर आलं. "चांगलं आहे. होकार कळवा."

हौसाक्का सावकाश वळल्या. "गेल्या आठवड्यात सोमवारी मी याला तासभर सांगितलं. त्या घरात दोन सुना टिकल्या नाहीत, नकार दे म्हणून. ते कुठं गेलं?" आणि मग, "तुझी आत्या जमदाडेंकडंच दिलीय ना गं?"

"हो. मी पुसलं असं म्हणायचंय तर सरळ म्हणा."

"म्हटलंच की."

काटकरांच्या पोरीनं स्थळ फिरवलं, हे एकदा बाहेर गेलं की सातारा जिल्ह्यात कुणी तेजस्विनीला आपल्या माहितीला हात लावू देणार नव्हतं.

अकरा वाजता मेघकोठाराचे तपासनीस रफिक इनामदार आले. त्यांनी चष्मा पुसला आणि समजावलं, "प्रत म्हणजे त्या दिवसाचं घर, जसंच्या तसं. ज्या शुक्रवारची उतरवाल तो शुक्रवार परत येतो. पुढं जे शिकवलं, ते त्याच्या लेखी घडलंच नाही."

"मग गेल्या शुक्रवारची उतरवा."

"ती कोठारात नाही. तिच्या आधीच्या शुक्रवारची आहे."

"पुसली हिनं."

"पुसली असती तर खूण राहिली असती. ही प्रत घेतलीच गेली नाही. प्रत घ्यायची किल्ली कुणाकडं असते?"

"माझ्याकडं नाही," तेजस्विनी म्हणाली. "यांनी छायामनाला दिलीय."

"माणसाच्या हातात किल्ली देत नाही मी," हौसाक्का म्हणाल्या आणि पुन्हा पडद्यापुढं बसल्या. "सांग, कुणी केलं हे?"

"काटकरांच्या पोरीनं," छायामन क्षणात म्हणालं. "आत्या आहे तिथं. लग्नात मानाची साडी घेऊन मिरवेल."

मानाच्या साडीचं हौसाक्कांच्या मनात नुकतंच आलं होतं. बोलल्या मात्र नव्हत्या. त्यांनी इनामदारांकडं बघितलं, बघा म्हणून.

इनामदारांनी कोठाराची नोंद उघडली. शुक्रवार, संध्याकाळी सहा. हौसाक्कांचाच आवाज होता, "आज अमावस्या. आज नवं काही ठेवायचं नाही. पुढच्या शुक्रवारी बघू."

"मी तर औंधला होते त्या दिवशी," हौसाक्का म्हणाल्या.

"तुम्ही नव्हेच. हे छायामन बोलतंय," तेजस्विनी म्हणाली. "अमावस्येला नवी वही उघडायची नाही, हे त्याला कुणी शिकवलं?"

हौसाक्का म्हणाल्या, "मग आत्ता खोटं का बोललं?"

"खोटं नाही हो," इनामदार म्हणाले. "त्यानं प्रत घ्यायला नकार दिला तो दिवसच त्याच्या प्रतीत नाही. त्याला खरंच आठवत नाही. मग संशय उरतो तो दुसऱ्यावरच."

हौसाक्कांनी पदर सारखा केला. पडद्याला म्हणाल्या, "ऐक. प्रत तूच घेतली नाहीस. पोरीचा दोष नाही. माझं चुकलं. जमदाडेंना नकार दे."

"हे बोलायला तुला कुणी सांगितलं? तिनंच?"

"मी हौसाक्का बोलतेय."

"हौसाक्का 'माझं चुकलं' म्हणत नाही. आवाज मात्र छान काढलाय." पडदा काळा झाला. शिकवणीचं दार छायामनानं आतून लावून घेतलं होतं.

इनामदार खाकरले. "आणखी जुनी उतरवून बघू? कोठारात शंभरावर प्रती आहेत."

"कुठलीही उतरवा. आत मीच बसलेय, आणि ती हिला चोरच म्हणणार." हौसाक्कांनी तेजस्विनीपुढं हात केला. "कागद दे. पेन दे."

दुसरीपर्यंतच्या शाळेतल्या अक्षरानं, ओठ हलवत, त्यांनी लिहिलं, 'तेजस्विनी काटकर खरी आहे. जमदाडेंना नकार.' खाली सही केली.

"याची प्रत कोठारात ठेवू?" तेजस्विनीनं विचारलं.

"नको. दाराबाहेर चिकटव. आतल्या बाईचा भरवसा नाही."