तेवीस नंबरचं सूप

वाडगे बाजूला ठेवा आधी. नाहीतर मधेच ओकाल आणि बोल मला लावाल. खोटं वाटलं तर माझ्या साडूला विचारा. त्याच्याच धाकट्या भावाची गोष्ट आहे.

हा धाकटा आचारी. डोंगरांच्या बेचक्यात, नदीकाठी, लोक सुट्टीला येतात तिथल्या एका खानावळीत. खाली होड्या, तंबू, दोरावरून घसरणं; वर कड्याची पायवाट. वर जाणाऱ्यानं खानावळीच्या दारातल्या फळीवरून नंबराचा बिल्ला घ्यायचा आणि उतरल्यावर परत लटकवायचा. बिल्ला लटकवला की गरम सूप मिळायचं. संध्याकाळी सातला एखादा खिळा रिकामा दिसला, तर आचाऱ्यानं शोधपथकाला फोन करायचा. इतकं सोपं काम!

गेल्या ऑक्टोबरात, तीन तारखेला, तेवीसचा खिळा रिकामा राहिला. नेमकी त्याच दिवशी ह्याची मुलगी सहा महिन्यांनी घरी आलेली. फोन केला की पथक येईपर्यंत थांबणं आलं. "येईल रडतखडत," म्हणाला, आणि खणातला तेवीस नंबरचा जादा बिल्ला खिळ्याला लटकवून मोकळा झाला. आता काय म्हणावं असल्या माणसाला?

तेवीस नंबरवाला घरी पोचलाच नाही. त्याची बायको धावत आली, समोरच्या लॉजवर राहिली, रोज खानावळीच्या पायरीवर येऊन बसायला लागली. पण बिल्ला तर परत आलेला, म्हणजे माणूस उतरला. मग डोंगरात शोधणार कोण? लोक काय, म्हणायला लागले, गेला असेल कुणाचा तरी हात धरून.

"दादा, तुम्ही पाहिलंत ना त्यांना?" तिनं विचारलं. "सूप प्यायले ना ते?"

"हो हो, ताई. दोनदा मागून घेतलं."

शी! हे ऐकलं तेव्हा मला पहिली किळस आली ती ह्याची. भुताची नंतर.

अकरा तारीख, शनिवार. रात्री पावणेदहा. रविवारच्या गर्दीच्या सुपासाठी हाडं मंद आचेवर चढवली होती, ती बघायला आचारी एकटाच खानावळीत आला. पातेल्यावर करडा फेस धरला होता. झाऱ्यानं तो काढत असताना बाहेर पावलं वाजली. चिखलातून आल्यासारखी. फच... फच...

"बंद आहे हो!"

खुर्ची सरकली.

मग वास आला. पिंपामागे उंदीर मरून पडावा, तसा. आचाऱ्यानं नाकाला फडकं लावलं आणि डोकावला.

कोपऱ्यातल्या टेबलाशी एकजण बसला होता. पिवळं जाकीट. मान खांद्यावर कललेली. माणसाची कलते त्याहून जास्त.

"सूप..."

आचाऱ्याचे हात आपोआप हलले. वाडगा भरला. चमचा ठेवला.

तो प्यायला लागला. सूप तोंडात जायचं आणि गळ्याखालच्या भोकातून बाहेर यायचं. जाकिटावर. मांडीवर. त्यात पांढरं काहीतरी वळवळत होतं.

चमचा थांबला.

"दोनदा... मागून घेतलं ना मी?"



वाडगा पुढे सरकला. रिकामा.

आचाऱ्यानं तो भरला. परत ठेवला. डोळे मिटून घेतले... 

फच... फच...

उघडले तेव्हा खुर्चीवर कोणी नव्हतं. खाली थारोळं होतं. गुडघे टेकून त्यानं स्वतःच्या हातानं ते पुसलं, पुसता पुसता दोनदा ओकला. टेबलावर वाडगा होता. चमचा कुठे दिसेना.

तसाच तो लॉजवर गेला आणि त्या बाईच्या पाया पडला. "ताई, मी खोटं बोललो. ते उतरलेच नव्हते." ती रडली नाही, ओरडली नाही. "आता तरी फोन करा," एवढंच म्हणाली.

सकाळी पथक कड्याखालच्या घळीत उतरलं. आचाऱ्याला ओळख पटवायला नेलं. नऊ दिवसांचं प्रेत, तुम्हीच समजा. मान मोडलेली. पिवळ्या जाकिटाच्या खिशात खरा तेवीस नंबर होता. ती बाई पळून गेलेल्याची बायको नव्हती, हे तेव्हा सगळ्यांना कळलं.

पथकातल्या एकानं हातमोजा घालून प्रेताच्या तोंडातून काहीतरी ओढून काढलं. घशापर्यंत खुपसलेलं होतं. खानावळीचा चमचा.

"तुमचाच ना हा?"

आचाऱ्यानं तो हातात घेतला.

चमचा अजून गरम होता.