ओर्फाची हाक

हायरम भावजी कंदील घेऊन दारात गेले. तोंडाशी हात धरून डुकरांना हाक घालणार, एवढ्यात मामंजी म्हणाले, "अंधार पडल्यावर हाक घालायची नाही. मूठभर मका घे आणि जाऊन शोध."

"डुकरांना काय दिवस-रात्र कळते होय?"

"डुकरांचं कोण बोलतंय? दार लाव, गारठा येतोय."

लग्न होऊन मी या खोऱ्यात आले त्याला दीडएक महिना झाला असेल. तेवढ्या दिवसांत मामंजी एकूण जितकं बोलले, त्याहून जास्त त्या रात्री बोलले. मी चुलीशी बसून चेस्टनट सोलत होते. आमचे हे पेंगत होते. सून गप्प असली की सासरची माणसं तिच्यासमोर वाटेल ते बोलतात, आणि मला ते चालतं.

"ईनस रॅम्सी माझ्या ओळखीचा," मामंजींनी पाइपात निखारा टाकला. "उत्तर-दक्षिणेची लढाई संपल्यावर पलीकडच्या जिल्ह्यातून इकडे आला. कामसू, चर्चला जाणारा. पॉपलर ओढ्यावर घर बांधलं, इथल्याच टॅम्सिनशी लग्न केलं. सूनबाई, तुझ्याच वयाची पोर. आता सांगतो ते तिनंच मला सांगितलं.

"अठराशे अडुसष्ट साल. नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार. ईनसची गाभण डुकरीण रानात गेली ती संध्याकाळी परतली नाही. बर्फ पडून गेलेलं, वर पुन्हा आभाळ भरलेलं. रात्रीत उघड्यावर व्याली असती तर पिलं गोठली असती, आणि पुढच्या हिवाळ्याचं सगळं मांस त्या एका पोटात. ईनसनं हातमोजे चढवले. लाल लोकरीचे, टॅम्सिननं विणलेले. ती म्हणाली, 'मका घेऊन जा. हाक घालू नकोस.' तो म्हणाला, 'तुमच्या खोऱ्यात बायका भुतांना घाबरतात की डुकरांना?'"

"मग? कशाला घाबरतात?" भावजींनी कंदील खाली ठेवला होता.

"ती डुकरीण मुळात ओढ्यापलीकडच्या ओर्फा गंटरकडची. ओर्फा मेल्यावर व्यापाऱ्यानं तिची जनावरं नेली, त्याच्याकडून ईनसनं घेतली."

"आणि ओर्फा कशानं मेली?"

मामंजींनी पाइप दातांतून काढला.

"तू तेव्हा लहान होतास. आपलं राज्य दक्षिणेकडून लढायला गेलं, पण डोंगरातली सगळी माणसं गेली नाहीत. एका घरातला एक पोरगा दक्षिणेच्या करड्या कोटात, दुसरा उत्तरेच्या निळ्या कोटात, तिसरा कपारीत लपलेला. मीठ मिळेना, म्हणून बायका मांस धुरवायच्या खोलीतली जमीन खणायच्या आणि माती उकळून मीठ काढायच्या. ओर्फाचा नवरा डिलार्ड फौजेतून पळून आला आणि वरच्या खडकांत राहिला. तिनं दोन हाका ठेवल्या होत्या. रोजची सरळ हाक डुकरांची. आणि तीच हाक शेवटी आवाज मोडून घातली, की डिलार्डनं समजायचं, वाट मोकळी आहे, घरी ये.

"फौजेतून पळालेल्यांना हुडकणारे होमगार्ड आले. आपल्याच राज्याचे, तोंडाला फडकी बांधलेले. म्हणाले, नवऱ्याला बोलाव. ती म्हणाली, 'डुकरं सोडून मी कुणाला बोलावत नाही. तुम्ही आलात ते न बोलावता.' मग त्यांनी कुंपणाचे ओंडके उचलले, तिचे दोन्ही हात सगळ्यात खालच्या ओंडक्याखाली घातले, वर पुन्हा ओंडके रचले. आणि वर एकजण बसला. बोटं मोडल्याचा आवाज आला. तिनं हाक नाही घातली."

चुलीत लाकूड खचलं. हे जागे झाले होते.

"मग त्यांनी तिचं तान्हं पाळण्यातून आणलं. दुपट्यातून काढलं. तिला दिसेल पण हात पोचणार नाही, असं बर्फात ठेवलं. थोडा वेळ ते रडलं… मग रडणं बारीक झालं. तेव्हा तिनं हाक घातली. डिलार्ड आला, सरपणाचा भारा घेऊन. भारा टाकायच्या आत त्याच्या तोंडावर गोळी झाडली. पोर त्याच रात्री गेलं. ओर्फा वसंतापर्यंत जगली, हात कोपरापर्यंत काळे पडले. शेवटी तिची सेवा टॅम्सिननं केली. ती मोडकी हाक ओर्फानं तिला ऐकवली होती, कानात, हळू. जिवंत माणसांत ती ठाऊक होती टॅम्सिनला… आणि त्या टोळीला."

मामंजींचा पाइप विझला होता. त्यांनी तो पुन्हा पेटवला नाही.

"ईनस रानाच्या कडेला गेला. मका खडखडवला. काही नाही. बोटं गारठली. त्याला वाटलं असेल, ओर्फाची डुकरीण, ओर्फाच्या हाकेला येईल. तोंडाशी हात धरले आणि हाक घातली. सूऽऽई… सूऽऽई… आणि शेवटी आवाज मोडला.

"टॅम्सिन दारात कंदील धरून उभी होती. ती म्हणाली, 'ईनस. ही हाक तुला कुठून आली?'

"'कुठून म्हणजे? ओर्फाची हाक. डुकरांची.'

"'डुकरांची हाक अशी नाही.'

"ज्याच्या ताटात दोन वर्षं वाढलं, तो कोण, हे तिला तिथं दारात कळलं.

"मग रानात पाचोळा वाजला.

"'बघ, आली,' ईनस म्हणाला.

"चार पायांचा आवाज नव्हता. दोन पायांचा होता. सावकाश… ओझं घेतल्यासारखा. झाडांच्या कडेला थांबला. सरपण खाली पडल्याचा आवाज आला. टॅम्सिननं कंदील वर केला. कोट दिसला. कॉलर दिसली. कॉलरच्या वर…"

"वर काय?" भावजी म्हणाले.

"ते टॅम्सिननं मला सांगितलं नाही.

"आवाज मात्र आला. 'ओर्फा?'

"ईनस मागं सरला.

"'ओर्फानं हाक घातली ना?'

"ईनस म्हणाला, 'मी नुसता बसलो होतो. मला बस म्हणाले म्हणून…'

"कंदील विझला. वारा नव्हता. मग काड्या मोडाव्यात तसा आवाज… एकामागून एक. दहा."

ह्यांनी उठून चुलीत लाकूड सरकवलं.

"मला टॅम्सिननं पहाटे बोलावलं. ईनस अंगणात बसला होता. डोळे उघडे, श्वास चालू. हात उघडे, मनगटाखाली नुसता लगदा. तिसऱ्या दिवशी गेला. डुकरीण आपल्या पायांनी परत आली, गोठ्यात व्याली, सगळी पिलं जगली. हातमोजे मात्र अंगणात नव्हते. ते सापडले ओर्फाच्या पडक्या शेतावर, ओढ्यापलीकडे. सगळ्यात खालच्या ओंडक्याखाली, शेजारी शेजारी. वरच्या ओंडक्यांवरचं जुनं बर्फ हललेलं नव्हतं. जाण्या-येण्याचा एक ठसा नव्हता. टॅम्सिन म्हणाली, 'राहू दे तिथंच.' कुणी काढले नाहीत."

हायरम भावजी मुकाट्यानं मक्याची मूठ घेऊन डुकरं शोधायला गेले. बाहेर खोकत होते, मुद्दाम, मोठ्यानं.

दुसऱ्या दिवशी झऱ्यावरून येताना मी वाकडी वाट केली. भर दुपार होती. कुंपण निम्मं ढासळलेलं, पण तो कोपरा शाबूत होता. खालच्या ओंडक्याखाली लाल लोकर दिसत होती. इतक्या पावसांत ती कुजून जायला हवी होती, निदान रंग तरी उडायला हवा होता.

मी बोट लावलं.

कोमट होती.