लाल गाडीचे मिटलेले डोळे

"माझ्या बाबांचा जीव गॅरेजवाल्या वस्तादनं घेतला, असं सगळे म्हणतायत," कप्तानांची लेक म्हणाली. "तसं असेल तर मला ते पुराव्यानिशी कळू दे. आणि नसेल, तर ते वस्तादला कळू दे. आता त्याचाही त्यावर विश्वास बसत चाललाय."

वहिनींनी खुर्ची पुढे ओढली. खासगी तपासाचं काम त्या बरीच वर्षं करत होत्या. सोबतीला त्यांचे धाकटे दीर असत. गाडी तेच चालवत. वहिनी त्यांना भावोजी म्हणायच्या, म्हणून अशीलही त्यांना भावोजीच म्हणत.

"पहिल्यापासून सांग," वहिनी म्हणाल्या.

बोटीवरची नोकरी संपल्यावर कप्तानांनी एक जुनी लाल स्पोर्ट्स गाडी घेतली होती. तिचे पुढचे दिवे बॉनेटमध्ये लपलेले असत. बटण दाबलं की झाकणं उचलली जाऊन दिवे वर येत, बंद केलं की पुन्हा आत जात. घरात सगळे त्यांना गाडीचे डोळे म्हणत. अलीकडे उजवा डोळा अडकू लागला, तेव्हा वस्तादनं तो दुरुस्त करून दिला. दुसऱ्या दिवशी कप्तान धाकट्या भावाला भेटायला निघाले. अंधार पडता पडता खाणीच्या रस्त्यावर गाडी वळण सोडून उतारावरून खाली गेली.

"पोलिसांना दिव्यांचं बटण चालू सापडलं," लेक म्हणाली. "पण दोन्ही झाकणं बंद. म्हणजे डोळे उघडलेच नाहीत, आणि बाबा आंधळ्यासारखे चालवत गेले."

"कुणी पाहिलं?"

"काकानं. तो त्या खाणीचा मॅनेजर आहे. ऑफिसच्या खिडकीतून त्याला गाडी दिव्यांशिवाय येताना दिसली. तो धावत खाली गेला, पण बाबा तोवर गेले होते." ती थांबली. "डॉक्टर म्हणाले, लगेच नाही गेले. थोडा वेळ होते."

भावोजींनी घसा खाकरला. "ही गाडी आधी कधी अडली होती का हो?"

"एकदा, सहलीला गेलो होतो तेव्हा. दोन्ही डोळे उघडेनात. काकानं बॉनेट उघडून आतलं चाक हातानं फिरवलं नि ते वर आणले. हाताला फोड आले बिचाऱ्याच्या. आणि बाबा बाजूला उभे राहून म्हणतात कसे, 'जोर लाव, सकाळपासून नुसतं खातोयस!'" ती हसली आणि लगेच तिचे डोळे भरून आले.

वस्तादच्या गॅरेजला सील लागलं होतं. तो घराच्या पायरीवर बसला होता. दाढी वाढलेली, हात मांडीवर उताणे टाकलेले.

"फ्यूज पाहिला, रिले पाहिला," तो सांगू लागला. "बिघाड उजव्या मोटरच्या वायरीत होता. जोड गंजला होता, तो घासून पक्का केला. काचा पुसल्या, कितीतरी वेळा उघडझाप करून पाहिली, मग बंद करून गाडी दिली. पण माणूस आहे बाई. राहिलं असेल काही."

"डाव्या बाजूला हात लावलास?"

"नाही. तिची मोटर वेगळी. ती ठणठणीत होती."

"आणि ते हातानं फिरवायचं चाक?"

"प्रत्येक मोटरवर एकेक असतं. फिरवून फिरवून मनगट दुखतं, तेव्हा कुठे झाकण हलतं." त्यानं मान खाली घातली. "कप्तान मला भावासारखे होते. माझ्या हातून हे झालं असेल तर पुन्हा पाना धरायचा नाही मी."

लाल गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात उभी होती. पुढचा भाग जवळपास शाबूत होता. गाडी घसरताना उलटी फिरून मागून खडकावर आदळली होती. डिकीचा चेंदामेंदा झाला होता आणि डिकीतल्या बॅटरीची जाड वायर मुळापासून तुटली होती. ड्रायव्हरच्या बाजूचा दरवाजा आत दबला होता.

वहिनींनी हवालदाराला बॉनेट उघडायला सांगितलं. त्याची कळ ड्रायव्हरच्या गुडघ्यापाशी होती. दुसऱ्या बाजूच्या दारातून शिरून, सीटवर आडवं होऊन त्यानं ती कशीबशी ओढली. मग घाम गाळत एकेक चाक फिरवलं. दोन्ही डोळे हळूहळू वर आले. काचांवर पांढऱ्या चिखलाचे शिंतोडे वाळले होते.

"पुसू का?" भावोजींनी खिशातून रुमाल काढला.

"खबरदार, हात लावाल तर!" वहिनी म्हणाल्या.

खाणीच्या रस्त्यावर तोच पांढरा चिखल होता. दगडाची भुकटी उडू नये म्हणून तिथे रोज संध्याकाळी पाणी मारत. ऑफिसच्या दारात काकाची जीप उभी होती. तिचा एक दिवा जुना, पिवळा पडलेला. दुसरा कोरा करकरीत.

"दादा कसला माणूस होता म्हणून सांगू!" काका म्हणाला. "वस्तादवर डोळे झाकून विश्वास टाकायचा. मला तर त्या गाडीतलं ओ की ठो कळत नाही. पण एवढं दिसलं, की दिवे नव्हते. मी इथे उभा होतो, या खिडकीशी."

भावोजी खिडकीशी गेले. तावदान उघडेना, चौकट कधीची गच्च बसली होती. काचेवर धुळीचं जाड पूट. त्यांनी रुमालानं ती पुसली तेव्हा कुठे पलीकडचं वळण दिसलं. रुमाल पिठात बुडवल्यासारखा झाला.

"वहिनी धुवायला लावतील मलाच," ते पुटपुटले.

वहिनींनी आधी रुमालाकडे पाहिलं, मग काचेकडे.

दुसऱ्या दिवशी दुपारी कप्तानांच्या बैठकीत सगळे जमले. लेक, काका, दारापाशी अंग चोरून उभा असलेला वस्ताद, आणि वहिनींनी मुद्दाम बोलावलेले पोलीस इन्स्पेक्टर.

"वस्तादनं काचा पुसून डोळे बंद केले होते," वहिनी म्हणाल्या. "आज त्यांवर खाणीच्या रस्त्याचा चिखल आहे. मिटलेल्या डोळ्यांत चिखल जात नाही. म्हणजे त्या रस्त्यावर दिवे वर होते."

वस्तादनं मान वर केली.

"मग आदळल्यावर आपोआप मिटले असतील," काका म्हणाला.

"कशानं? बॅटरीची वायर तुटली होती. वीज नाही, तर मोटर फिरत नाही. होते तसेच वर राहिले असते. आणि बिघाड म्हणावा, तर एका बाजूला होता. दोन्ही डोळे एकदम मिटतील कसे? ते कुणीतरी हातानं मिटले. त्या चाकाची ज्याला माहिती होती त्यानं."

"म्हणजे वस्तादनं!"

"वस्तादला तर ते उघडेच हवे असणार, काका. त्यातच त्याची सुटका होती. तुम्हाला गाडीतलं ओ की ठो कळत नाही म्हणालात. मग सहलीत हाताला फोड कशानं आले?"

काकानं तळहातांकडे पाहिलं आणि मुठी मिटल्या.

"त्या खिडकीतून काही दिसत नव्हतं. काच भावोजींनी पुसेपर्यंत कुणी पुसली नव्हती. तुम्ही खिडकीशी नव्हता. तुम्ही रस्त्यावर होता, जीपमध्ये. जीपचा एक दिवा नवा कोरा आहे. जुना कधी गेला होता?"



"महिना झाला असेल," काका अखेर म्हणाला. "आज करू, उद्या करू, म्हणून राहिलं."

"कप्तानांना समोरून एकच दिवा दिसला," वहिनींचा आवाज खाली आला. "त्यांना वाटलं, मोटारसायकल आहे. तेवढीच जागा त्यांनी सोडली. अगदी जवळ आल्यावर अख्खी जीप दिसली, तेव्हा वाचायला एकच बाजू उरली होती, उताराची. अपघात दिव्यामुळेच झाला, साहेब. फक्त लाल गाडीच्या नव्हे."

वस्ताद खाली बसला आणि तोंड झाकून रडू लागला.

"मी मुद्दाम नाही केलं," काका म्हणाला. "माझी नोकरी, माझी मुलं... डोक्यात एकच आलं, दिव्यांचं काम कालच झालंय, दादानंच फोनवर सांगितलं होतं. कुणी विचारणार नाही."

"काका," लेक म्हणाली. "बॉनेटची कळ बाबांच्या गुडघ्यापाशी आहे. तू त्यांच्या अंगावरून वाकला असशील. तेव्हा ते होते?"

काकानं दोन्ही हातांनी खुर्ची धरली.

"होता. डोळे उघडले त्यानं. मला ओळखलं. म्हणाला, 'तू आलास ना, मग बरं.'"

"मग?"

"मग मी चाक फिरवायला गेलो. ते झाल्यावर ॲम्ब्युलन्सला फोन केला."

भावोजी तोंड फिरवून भिंतीकडे पाहू लागले. इन्स्पेक्टर उठले, पण लेकीनं हातानंच त्यांना थांबवलं. ती काकासमोर जाऊन उभी राहिली. लहानपणी याच माणसाच्या खांद्यावर बसून ती गावभर हिंडली होती, आणि जन्मात कधी तिनं त्याला अहो-जाहो केलं नव्हतं.

"तुम्ही निघा आता," ती म्हणाली. "साहेब थांबलेत."